आधी उलटा हात

४ नोव्हेंबर

टिल्ल्या,

तुझं पार्सल पोचलं. थर्मलचे दोन जोड, दोन्ही राखाडी, दोन्ही एक नंबर मोठे. नाना ते घालून आरशासमोर उभे राहिले तेव्हा मला हसू आवरेना. ते म्हणाले, "पोराने मापाने नाही, मायेने घेतलेत." बदलून आणावेत म्हणून मी तुझं बिल शोधलं, तर ते खिडकीत उन्हात पडून पार कोरं झालेलं. हल्लीची ती गुळगुळीत बिलं! दुकानदाराला काय कोरा कागद दाखवू? शेवटी मीच दोन्हीकडच्या शिवणी आत घेतल्या. बहीण शिंप्याच्या दुकानात कामाला असल्याचा एवढा तरी फायदा.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तुझ्या छावणीतल्या फोनवर तुझ्यामागे रांग असते, आणि इथे नाना पलीकडच्या खोलीत बसून माझं बोलणं ऐकतात आणि तुझं स्वतःच रचतात. म्हणून लिहिते. नाना ते थर्मल अंगातून काढतच नाहीत रे. भर दुपारी, मी पंखा लावून बसलेली असते तेव्हासुद्धा. पायात मोज्यांवर मोजे. विचारलं की म्हणतात, "सगळा जन्म बॉयलरपाशी गेला, आता बाहेरची हवा गारच लागणार." त्यांच्या हातून हल्ली वस्तू पडतात. परवा कपाचा कान धरला, उचलला, आणि कप खाली. उजव्या हाताला पट्टी आहे. इस्त्री तापली का बघताना चटका बसला म्हणे. डॉक्टरीणबाईंकडे चला म्हटलं तर, "हात दाखवून अवलक्षण कशाला? साखर काढेल आणि माझा चहा बंद करेल."

आणि दुसरी बातमी. आपलं थर्मल, नानांचं वीजकेंद्र, बंद होतंय. शेवटचा संच वीस डिसेंबरला थंड करणार. वीज बनवायची आता दुसरीकडे, म्हणे. नवे साहेब स्वतः घरी आले होते. त्या जुन्या संचावरची उष्णता दाखवणारी अर्धी मापकं बंद पडलीत, तेव्हा त्या दिवशी नानांनी येऊन उभं राहावं, अशी विनंती केली. साहेब गेल्यावर नानांनी जुने बूट काढून पॉलिश केले. दोन वेळा.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. का ते नीट सांगता येत नाही.

तुझी ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

तू काळजी करायला कारण शोधतेस असं नाही, कारणंच तुझा पत्ता विचारत येतात. इथे डोंगरात बर्फ भुरभुरायला लागलंय, बोगद्याच्या तोंडाशी काम करणारे आम्ही सगळे थर्मल अंगातच घेऊन जन्मलो असं झालंय. मग म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजली तर त्यात काय?

नानांना जाऊ दे. बाईमाणसाला माहेर तसं त्यांना थर्मल. आपण लहान असताना ते घरी आले की कपड्यांना कोळशाचा वास यायचा आणि तू नाक दाबून त्यांच्या कुशीत शिरायचीस, आठवतं? आणि त्यांचा तो नियम: आधी उलटा हात, मग सुलटा. आंघोळीची बादली, दुधाचं पातेलं, इस्त्री, काहीही असो, आधी हाताची पाठ जवळ न्यायची. चटका बसला तर बोटं आपोआप मागे मिटतात, तळहाताने धरलं तर तिथेच मिटतात. माझा ताप बघायचे तोही उलट्या हातानेच. शाळेत मी बाकालासुद्धा उलटा हात लावून बसायचो, मुलं हसायची.

मी ही नोकरी धरली तेव्हा काय म्हणाले होते? "यंत्र तापलंय का बघायला कॅमेरा? माणसाला देवाने जन्मताच दोन थर्मल कॅमेरे दिलेत, मनगटाला जोडून." त्यानंतर आजतागायत त्यांनी मला कामाबद्दल एक शब्द विचारलेला नाही. असो.

हाताचं मात्र नीट लिही. पट्टी केवढी आहे, कुठे आहे.

टिल्ल्या


१८ नोव्हेंबर

चि. टिल्ल्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

ताईने तुला काहीबाही कळवलं असणार. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, दूध चुलीवर ठेवायच्या आधीच उतू गेलं म्हणून ओरडते. मी ठणठणीत आहे. थर्मल उत्तम आहेत. अक्षर वाकडं आलं असेल तर पेनाचा दोष समज.

नवे साहेब बरे आहेत. गप्पिष्ट आहेत. थर्मलच्या शीतमनोऱ्यावर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात ना, त्यांना मी आयुष्यभर पाहिलं, पण साहेबांनी सांगितलं की खालून वर जाणाऱ्या त्या गरम हवेच्या झोतालाही थर्मलच म्हणतात. म्हणजे घारीही आमच्यासारख्या थर्मलमध्येच कामाला होत्या, फक्त पगाराशिवाय. आता त्यांचीही नोकरी जाणार.

एक सहज विचारायचं होतं. तुझा तो कॅमेरा. तो हात न लावता नक्की किती बरोबर सांगतो? आणि तुझ्याकडे एखादा जुना पडलेला असेल, कंपनीचा नव्हे, तुझा, तर थोडे दिवस पाठवशील का? वीस तारखेच्या आत. तुझं काम काय असतं ते एकदा बघावं म्हणतो.

ताईला बोलू नकोस. म्हणेल, म्हातारचळ लागला.

नाना


२८ नोव्हेंबर

ताई,

तू बसली आहेस ना? नानांनी माझा कॅमेरा मागितला! स्वतःहून! "तुझं काम काय असतं ते बघावं म्हणतो," असं लिहिलंय. तुला सांगू नको म्हणालेत, पण हे पोटात ठेवलं तर माझं पोट फुटेल. त्या ओळी मी इथल्या माझ्या खोलीतल्या सोबत्याला दोनदा वाचून दाखवल्या. तो म्हणाला, आता झोपू दे.

मी माझा पहिला कॅमेरा पाठवलाय, मुठीत मावेल एवढा. सोबत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय: बटण दाबायचं, पिवळं-पांढरं दिसलं की तापलेलं, जांभळं-काळं दिसलं की गार. बस्स, लहान मुलालाही जमेल.

ते कॅमेऱ्यातून काय काय बघतात ते सगळं मला लिही. त्यांना कळता कामा नये.

तुझा आनंदाने फुगलेला भाऊ

ता.क. हाताचं लिहिलंच नाहीस.


७ डिसेंबर

टिल्ल्या,

तुझा कॅमेरा आला आणि घरात दुसरं काही उरलं नाही. खिशात कॅमेरा, हातात कॅमेरा, उशाशी कॅमेरा. चहा पुढे ठेवला की आधी कपावर धरतात, मग ओठाला लावतात. आंघोळीच्या बादलीवर धरतात. थर्मासचं झाकण उघडून आत बघतात. इस्त्रीवर धरतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तुमचे नाना तर ताकाचा फोटो काढतात." सगळे हसले. नानाही हसले. मीही हसले, पण टिल्ल्या, ते खेळत नाहीत. खेळणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. नळ बदलायला आलेला माणूस असतो ना, तसा चेहरा करून ते बादलीकडे बघतात.

तू हाताचं विचारलंस. रागावू नकोस, मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. तू तिकडे एकटा, उगाच जिवाला घोर. पण आता मलाच राहवत नाही. भाजलंय ते हाताच्या पाठीवर, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत. चटका म्हणाले होते, पण पट्टी बदलताना मी पाहिलं, मोठा फोड येऊन फुटलाय, महिना झाला तरी खालचं लाल मांस दिसतं. मी पुसत होते आणि ते मला शिंपीमास्तरांची चौकशी करत होते. हू नाही की चू नाही. मी म्हटलं, दुखत नाही? तर म्हणे, "आम्ही थर्मलवाले."

आणि काल तुझे थर्मल धुवायला काढले. उजव्या बाहीचा काठ मनगटापाशी वितळून कडक झालाय. कापड वितळेपर्यंत माणसाला कळत नाही का रे?

वीस तारखेला घरच्या माणसांनाही आत सोडणार आहेत. मी रजा मागितली आहे.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

हे पत्र मालट्रकचा ड्रायव्हर घेऊन निघतोय, तो बाहेर हॉर्न वाजवतोय, म्हणून अक्षर असं आहे. फोनच्या खांबावर बर्फ चढून गेले तीन दिवस फोन मेलाय. रस्ता आज उघडला, पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही.

हाताची पाठ, ताई. पाठ. त्यांनी नियम मोडला नाही. त्यांनी नेहमीसारखा आधी उलटा हात नेला आणि हाताने त्यांना काही सांगितलंच नाही. चटका बसला असता तर हात मागे आला असता. फोड येईपर्यंत हात इस्त्रीवर राहिला म्हणजे त्यांच्या हाताला उष्णता कळतच नाही. मोज्यांवर मोजे, हातून पडणारे कप, सगळं तेच आहे. त्यांना माझं काम बघायचं नव्हतं. त्यांना हात हवे होते. आणि मी गाढव दोन दिवस नाचत होतो.

आता नीट वाच. वीस तारखेला त्यांना आत पाठवू नकोस. बंद मापकाच्या पाइपापाशी उभं राहून "थंड झालाय, उघडा," हे नाना हाताने ठरवायचे. या वेळी ते कॅमेऱ्याने ठरवणार. आणि चकचकीत धातूवर तो कॅमेरा खोटं बोलतो. पॉलिश केलेला पत्रा कितीही तापलेला असो, कॅमेऱ्यात गार दिसतो. आम्हाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी त्या कागदावर ते लिहिलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस चहाच्या कपाचे फोटो काढेल.

ते गार म्हणाले आणि फिटरने व्हॉल्व्हचं चाक फिरवलं तर समोर उभा असलेला माणूस वाफेने सोलून निघेल. तो माणूस नानाच असतील.

साहेबांना सांग. बूट लपव. काहीही कर. आणि डॉक्टर.

टिल्ल्या


२३ डिसेंबर

टिल्ल्या,

तुझं पंधरा तारखेचं पत्र आज आलं. आज, तेवीसला. मी ते दुकानातच उभ्याने वाचलं आणि मास्तरांनी मला खुर्ची दिली. आधी हे वाच: नाना घरात आहेत, आतल्या खोलीत झोपलेत, धडधाकट नाहीत पण अखंड आहेत. आता सगळं क्रमाने सांगते.

वीस तारखेला सकाळी आम्ही निघालो. गेटावरच्या पहारेकऱ्याने सगळ्यांच्या कपाळावर ती ताप मोजायची बंदूक धरली. नाना म्हणाले, "अरे, मी इथे ताप देत होतो तेव्हा तू पाळण्यात होतास." पहारेकरी हसला. मी मात्र सकाळपासून त्यांच्या पायांकडेच बघत होते. निघताना त्यांनी बूट उभ्याने घातले आणि एक पाय नीट आत शिरेचना, चाचपडत होते, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता.

आत पिवळी रेघ ओढली होती. घरची माणसं रेघेच्या अलीकडे, कामावरची पलीकडे. विस्तव आदल्या दिवशीच विझवला होता. एरवी तिथे कान बधिर व्हायचे, त्या दिवशी कुणी खोकलं तरी ऐकू येत होतं. बॉयलरच्या तळाचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह तेवढा उघडायचा राहिला होता. त्या पाइपावर नवा कोरा पत्रा चढवलेला, आरशासारखा. फिटर चाकावर दोन्ही हात ठेवून उभा. साहेब म्हणाले, "नाना, तुमच्या शब्दावर."

नाना पुढे झाले. सगळ्यांना वाटलं, आता ते हात पुढे करणार. पोरांनी तर मोबाइलही वर धरले होते, नानांचा तो प्रसिद्ध उलटा हात टिपायला. नानांनी खिशातून तुझा कॅमेरा काढला. कुणीतरी मागे म्हणालं, "बघा, नाना मॉडर्न झाले."

मी त्यांच्या बाजूला होते, रेघेमागे, पण पडदा मला दिसत होता. सगळा पाइप जांभळा, जवळजवळ काळा. गार. फिटर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. नाना "हं" म्हणायला तोंड उघडून थांबले. कारण त्या काळ्या पाइपाच्या मधोमध एक पिवळा माणूस उभा होता. डोकं, खांदे. नानांनी मान कलती केली. त्यानेही केली. नानांनी मोकळा हात वर केला. त्यानेही केला, फक्त त्याच्या हाताला बोटं नव्हती, मनगटाच्या पुढे सगळं काळं.

मला वाटलं त्यांना चक्कर आली की काय. मग ते म्हणाले, "यात पाइप दिसतच नाहीये. यात मीच दिसतोय."

फिटर म्हणाला, "मग हाताने बघा ना, नाना."

टिल्ल्या, नाकावर माशी बसू न देणारा आपला बाप. त्या सगळ्या माणसांपुढे, ज्यांना त्यांनी हात कसा न्यायचा ते शिकवलं, त्यांच्यापुढे ते वळले आणि मला म्हणाले, "ताई, इकडे ये. तुझा हात दे. उलटा. माझ्या हातांना आता कळत नाही."

साहेबांनीच मला रेघ ओलांडू दिली. मी हाताची पाठ पत्र्याकडे नेली. वीतभर लांब असतानाच अशी धग आली की बोटं आपोआप मिटली. नाना माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांनी फिटरला सांगितलं, "चाक सोड. आज नाही." मग सगळ्यांकडे पाठ करून ते पायरीवर बसले, आणि मला एवढंच म्हणाले, "मघाशी मी हो म्हणणार होतो."

पाइप दुसऱ्या दिवशी निवला, तेव्हा उघडला. आम्ही नव्हतो. आम्ही डॉक्टरीणबाईंपुढे होतो. साखर आहे, बरीच जुनी. तिनेच हातापायांच्या नसा खाल्ल्या. हातांचं गेलेलं परत येणार नाही म्हणाल्या. मोजे काढले तर डाव्या तळव्याला जखम, गरम पाण्याच्या पिशवीची. त्यांना पत्ताच नव्हता. आणखी पंधरवडा गेला असता तर पाऊल काढावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा नाना छताकडे बघत होते. आता रोज ड्रेसिंग. वाचेल, असं वाटतं. वाटतं, एवढंच.

गरम पाण्याची पिशवी मी फेकून दिली. घारी दिसत नाहीत दोन दिवस.

ताई


३ जानेवारी

ती. नाना,

हे पत्र ताईला नाही, तुम्हाला आहे.

मी रागावलोय. तुमच्यावर नाही, किंवा तुमच्यावरच, मला नीट कळत नाही. तुम्ही सरळ लिहिलं असतंत की हाताला कळत नाही, तर मी कॅमेरा पाठवला नसता, मीच आलो असतो. तुम्ही काम बघायचंय म्हणालात आणि मी खूश झालो. तुमच्या त्या ओळींत दुसरं काही आहे हे मला कळायला हवं होतं. मला भिंतीआडची जळकी तार दिसते, हे नाही दिसलं.

रस्ता उघडला की येतोय. तोवर ताईचं ऐका. पाय कसा आहे? हात अजून गार असतात का? कॅमेरा परत नको, राहू द्या. नाहीतर फेकून द्या.

टिल्ल्या


१४ जानेवारी

चि. टिल्ल्या,

अक्षर वाकडं आलंय. पेनाचा दोष नाही.

पाय भरतोय. डॉक्टरीणबाई वाईट नाही, चहा बंद केला नाही, फक्त साखर काढली. ताई रोज पट्टी करते आणि रोज बोलते. आधी नुसतं बोलायची.

मी खोटं लिहिलं ते यासाठी की हातांनी कळतं एवढ्या एकाच गोष्टीसाठी ती माणसं मला बोलावत होती. ते गेलं तर मी कोण, असं वाटलं. त्यापायी त्या फिटरला भाजलं असतं. रोज एकदा तरी ते डोळ्यांपुढे येतं. पण तुझं काम बघायचंय हे तेव्हा खोटं होतं, आता नाही. आलास की मला नीट शिकव. चकचकीत पत्र्यावर काय करायचं तेही.

कॅमेरा परत पाठवतोय, कारण त्यात दोन फोटो आहेत आणि ते काढून कसे घ्यायचे मला माहीत नाही. पहिल्यात टेबलावर माझा हात आणि शेजारी ताईचा. तिचा पिवळा आहे. माझा मनगटापर्यंत पिवळा, पुढे काळा.

दुसरा त्यानंतरचा. मी नको म्हणत असताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. मला काहीच जाणवलं नाही, ऊब नाही, हात नाही. मग तिने सोडला आणि कॅमेरा धरला. माझी बोटं पिवळी झाली होती, पार टोकांपर्यंत.

मला कळलं नाही, पण मला दिसलं. तो फोटो पुसू नकोस.

नाना